घरखर्चाची वही : परवडेल का, आणि शोभेल का?



या वेळी वही उघडायला कारण झालं ते कळंबहून आलेलं एक पत्र. लिहिणारीने नाव दिलं आहे, पण ‘छापू नका’ असं दोनदा बजावलं आहे, म्हणून ते माझ्यापाशीच राहू दे. ती लिहिते :

“ताई, माझं वय एक्कावन्न. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, मुलाचं शिक्षण संपत आलं. घरी सासूबाई आहेत. भिशीचे आणि शिवणकामाचे मिळून सव्वा लाख रुपये माझ्या खात्यावर साठले आहेत. सगळे म्हणतात, आता दोघांनी चारधाम करून या. मला मात्र, हसू नका, टीव्हीवर दाखवतात त्या परदेशातल्या मोठ्या पाळण्यात एकदा बसायचं आहे. पुढे नातवंडांना घेऊन नव्हे. आत्ताच, आम्ही दोघांनीच. ह्यांना अजून बोललेली नाही. दोनच गोष्टी विचारते. परवडेल का? आणि शोभेल का?”

हसले नाही गं बाई. उलट पत्र वाचून माझी जुनी वही काढली. कारण २०२४ सालच्या भाऊबिजेनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघं नेमकं हेच करून आलो. त्याचा पैन् पैचा हिशेब माझ्याकडे आहे. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वहीत सापडेल. दुसऱ्याचं वहीत नाही, ते शेवटी सांगते.

आधी एक कडू गोष्ट

हे सव्वा लाख म्हणजे घरातली एकुलती एक शिल्लक असेल, तर वर्षभर थांब. आपल्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, आणि सासूबाईंचं वय झालेलं. दवाखान्यासाठी वेगळे पैसे बाजूला असतील तरच हे पैसे सहलीचे. सहलीसाठी मुदतठेव मोडू नये, सोनं गहाण टाकू नये, आणि ‘आत्ता जा, हप्त्याने फेडा’ या जाहिरातीला तर मुळीच भुलू नये. पाच दिवसांच्या मौजेचे हप्ते दोन वर्षं फेडायचे, म्हणजे मौजेची चव केव्हाच जाते. आम्ही अठरा महिने आवर्ती ठेव भरली आणि ती पुरी झाल्यावरच तिकिटं काढली.

कुठे जायचं?

थीम पार्क म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. डिस्नेचं पहिलं पार्क १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडलं, आणि अमेरिकेबाहेरचं पहिलं १९८३ साली टोकियोजवळ. आता मात्र इतकं लांब जायला नको. हाँगकाँगचं डिस्नेलँड २००५ पासून आहे, सिंगापूरला सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज २०१० पासून.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि एकेक नाव खोडत गेले. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो आणि हॉटेलं महाग. हाँगकाँगला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा नको, आधी इंटरनेटवर फुकट नोंदणी केली की झालं. पण खोली आणि जेवण दोन्ही चढ्या भावाचं. उरला मलेशिया. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी तिची मुदत पाहून घ्यावी. मुंबईहून क्वालालंपूर साधारण पाच तासांचं विमान. त्या एका शहरात मुक्काम ठेवून दोन मोठी पार्कं पाहता येतात, आणि इडली-डोसा, वरण-भात दारात मिळतो.

पण परदेशाआधी एक रंगीत तालीम कर. खोपोलीजवळ इमॅजिका आहे, २०१३ साली सुरू झालेलं. पुण्याला लेकीकडे जाशील तेव्हा एक दिवस तिथे काढ. पोटात गोळा येऊन मजा वाटते की नुसतीच मळमळ होते, ते तिथेच कळेल. मळमळच झाली तर तुझे लाखभर रुपये वाचले म्हणून समज.

कागदपत्रं

पासपोर्टचा अर्ज इंटरनेटवर भरायचा. छत्तीस पानी, दहा वर्षांचा साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो. घाईचा, म्हणजे तत्काळ, काढला तर वर आणखी २,००० लागतात. ते वाचवायचे तर चार महिने आधी हालचाल करावी. २०१७ पासून पोस्ट ऑफिसांतही पासपोर्टची केंद्रं निघाली आहेत, त्यामुळे दरवेळी पुणं गाठावं लागत नाही. जवळचं कोणतं ते अर्ज भरताना दिसतं.

आपल्या बायकांची खरी अडचण असते नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असं नाही, विवाहाचं प्रमाणपत्रही सक्तीचं नाही. मात्र जे नाव ठेवायचं ते सगळीकडे एकसारखं करून मगच अर्ज करावा. माझी चूक सांगते. विमानाचं तिकीट काढताना मी ह्यांचं नाव घाईत तोडून लिहिलं, पासपोर्टवर होतं ते पुरं. दुरुस्तीला अडीच हजार रुपये मोजले. तिकिटावरचं अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहावं.

दुसरी शंका हमखास येते ती गावाच्या नावाची. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, रेल्वे स्थानकाचं २०२५ साली. जुन्या कागदांवर अर्थातच उस्मानाबाद आहे. आमचेही निम्मे कागद असे, निम्मे तसे होते. त्यावरून आमचं काही अडलं नाही.

घरधनी सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असतील तर परदेशी जाण्याची परवानगी कार्यालयातून आधी घ्यावी लागते. ते कागद टेबलाटेबलांवरून फिरतात, त्याला वेळ धरावा. आमच्या ह्यांचा अर्ज पाच आठवडे फिरत होता.

निघण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं आगमन-कार्ड इंटरनेटवर भरावं लागतं. ते फुकट असतं. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतात, त्यांच्या नादी लागू नये. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि परतीचं तिकीट व हॉटेलचं आरक्षण यांची कागदी प्रत पर्समध्ये असू द्यावी. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेतच संपते.

वहीतलं पान

दोघांचा, चार रात्रींचा आमचा खर्च असा झाला :

दोघांचे पासपोर्ट : ३,००० रु.
धाराशिव–मुंबई जाऊन-येऊन, रेल्वे आणि टॅक्सी : ५,००० रु.
विमान, जाऊन-येऊन, एका बॅगेसह (दुरुस्तीचे अडीच हजार यातच आले) : ५०,००० रु.
हॉटेल, चार रात्री : १३,००० रु.
दोन पार्कांची तिकिटं : १६,००० रु.
तिथला बस-रेल्वेचा प्रवास : ६,५०० रु.
जेवणखाण : ८,००० रु.
विमा आणि मोबाइलचं सिम : ३,००० रु.
भेटवस्तू : ५,५०० रु.
एकूण : १,१०,००० रु.

याशिवाय पंधरा हजार राखीव नेले होते, ते तसेच परत आणले. तेव्हा मलेशियाचा एक रिंगिट एकोणीस रुपयांच्या आसपास पडत होता. नंतर तो विसाच्या वर गेला. म्हणून तिथल्या खर्चात सहा-सात हजारांची वाढ धर. तरी तुझ्या सव्वा लाखात हे बसतं, जरा बेताने बसतं इतकंच.

आता पैसे कुठे वाचतात ते सांगते.

विमानाचं भाडं मे महिन्यात आणि दिवाळीच्या तोंडावर सर्वांत चढं असतं. भाऊबीज झाली की उतरतं. मास्तरांच्या घरात सुट्टीबाहेर जाता येत नाही, म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा धरला. उमरगा-नळदुर्गकडच्या मैत्रिणींनी हैदराबादहूनही भाव काढून पाहावा, त्यांना ते मुंबईपेक्षा जवळ. स्वस्त विमानांत बॅगेचे पैसे वेगळे असतात आणि विमानतळावर ऐन वेळी भरले तर जास्त पडतात. दोघांत एकच मोठी बॅग घ्यावी आणि तिचे पैसे तिकिटाबरोबरच भरावेत.

मुक्काम ब्रिकफील्ड्स भागात केला. तिथली ही भारतीय वस्ती, तमिळ लोक पुष्कळ, फुलांच्या माळांची दुकानं, केळीच्या पानावर भात. मोठं रेल्वे स्थानक पायी दहा मिनिटांवर. विमानतळावरून वेगगाडी अर्ध्या तासात आणते. बसला तासभर लागतो, पण भाडं कितीतरी कमी. आम्ही बसनेच आलो. आणखी एक, परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर हॉटेलातच घेतात. तो आरक्षणात धरलेला नसतो, म्हणून सुटे पैसे जवळ हवेत.

सकाळचा नाश्ता खोलीतच. घरून कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि चहाची पुडी नेली होती. दुपारी-रात्री बाहेर. रोटी चनाई नावाचा प्रकार मिळतो, आपल्या पराठ्याचाच चुलतभाऊ, सोबत डाळ. शाकाहारी असाल तर मासळीचा वास घातला नाही ना, हे विचारून घ्यावं.

सहल कंपनीबरोबर जायचं का? इंग्रजीचा फार धसका असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा नाही. फक्त पार्कची तिकिटं पॅकेजमध्ये आहेत का आणि तिथे पूर्ण दिवस मिळतो की तीन तास, हे लेखी घ्यावं. परदेशी पॅकेजवर टीसीएस नावाचा कर कापतात. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याने विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. बऱ्याच जणी हे पैसे सोडून देतात.

दिवसांची आखणी

तुळजापूरला आईचं दर्शन घेतलं आणि रात्रीच्या लातूर–मुंबई गाडीने निघालो. क्वालालंपूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पोचलो त्या दिवशी नुसती विश्रांती. दोन पार्कं सलग दोन दिवशी घेऊ नयेत, पाय साथ देत नाहीत.

पहिलं पार्क सनवे लगून, १९९३ सालचं. कथिलाच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात ते उभं केलं आहे, हे ऐकून ह्यांच्यातला भूगोलाचा मास्तर फार खूश झाला. लोकल गाडीने सेतिया जया स्थानकापर्यंत जाऊन तिथून बस. कृत्रिम समुद्र, पाण्याच्या घसरगुंड्या आणि पूर्ण उलटं फिरणारं चाच्यांचं जहाज, असं बरंच काही आहे. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत. पूर्ण बाह्यांचा, पायापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो इथूनच घेऊन जावा. तिथल्या पुष्कळ मुसलमान बायका तसाच पोशाख घालतात, त्यामुळे आपण वेगळ्या दिसू ही भीती पहिल्या पाच मिनिटांत गेली.

मधला दिवस बाटू गुंफांना. १४० फूट उंच सोनेरी मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी, आणि वर जायला २७२ पायऱ्या. मुख्य मंदिराला तिकीट नाही. घरी देवाधर्माचंही काही सांगता आलं.

शेवटचं पार्क गेंटिंगच्या डोंगरावरचं स्कायवर्ल्ड्स, २०२२ साली उघडलेलं. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, तर हे सहा हजारांच्या आसपास. स्थानकावरून बस, मग रोपवेने ढगांतून वर. स्वेटर हवा. नोव्हेंबरात तिथे दुपारी पाऊस ठरलेला, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. म्हणून फाटक उघडतानाच हजर राहावं आणि मोठ्या राइड आधी उरकाव्यात. डोंगरावर जुगाराचा अड्डाही आहे, अगदी कायदेशीर. घरधन्याचं पाकीट त्या दिवशी आपल्या पर्समध्ये ठेवलेलं बरं.

दोन्ही ठिकाणी परदेशी पाहुण्यांना तिकीट तिथल्या नागरिकांपेक्षा महाग असतं. इंटरनेटवर आधी काढलं तर काही वाचतं. पार्क कोणत्या वारी बंद, कोणत्या राइड दुरुस्तीला, तेही तेव्हाच पाहावं. तिथल्या शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात, रांगा निम्म्या होतात.

कपडे, दागिने, तब्येत

साडी नको. पदर कुठे अडकेल सांगता येत नाही. चुडीदार आणि आखूड कुर्ता बरा, ओढणी पिन लावून किंवा घरीच. बूट पायाला सरावलेले हवेत, नवे नकोत. सोनं घरी ठेवून जावं. परत येताना कस्टममध्ये प्रश्न नकोत, आणि राइडवर तुटण्याची भीती नको. मी काळी पोत तेवढी गळ्यात ठेवली, ती कुर्त्याच्या आत. चष्म्याला दोरी लावावी.

ब्लडप्रेशर, हृदयविकार, मानेचं किंवा कमरेचं दुखणं असेल तर मोठ्या राइडवर बसू नये. तशी पाटी प्रत्येक ठिकाणी असते आणि ती गंमत म्हणून लावलेली नसते. आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. आमच्या ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट ‘नाही’ म्हटलं.

घराची व्यवस्था हा सगळ्यांत मोठा खर्च, आणि तो पैशात मांडता येत नाही. सासूबाईंजवळ नणंदबाई येऊन राहिल्या. त्यांच्या घरी पुढे गरज पडली तेव्हा मी आठ दिवस जाऊन आले. ही देवाणघेवाण आधीच बोलून ठेवावी. गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरून, डॉक्टरांचा नंबर कपाटाच्या दाराला चिकटवून निघाले.

आता दुसरा प्रश्न

ह्यांना मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ताटावरून हात उचलून म्हणाले, “अगं, काय बोलायलीस! ह्या वयात पाळण्यात? लोक काय म्हणतील?” मी गप्प बसले. सासूबाई आत जप करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “येरमाळ्याच्या यात्रेत मी बसले होते की रे पाळण्यात, तू कडेवर होतास तवा. लोक काय म्हणले आठवत नाही. पाळणा आठवतो.”

तू कळंबची, तुला येरमाळ्याची चैत्री यात्रा काय सांगू! चुन्याचे खडे वेचायला लोटलेली गर्दी, आणि एका अंगाला गरगर फिरणारे आकाशपाळणे. मीही लहानपणी त्यात बसले आहे. लग्नानंतर एकदाही नाही. मुलं लहान असताना त्यांना गोराईच्या एस्सेलवर्ल्डला नेलं होतं, तेव्हा सगळ्यांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या आणि ह्यांचं घड्याळ सांभाळत मी बाकावर बसून होते. कुणी मला बसू नको म्हटलं नव्हतं. कुणीतरी सामानापाशी बसायला हवं होतं, आणि ती मी असणार हे कुणी ठरवावंही लागलं नाही.

गेंटिंगला त्या सकाळी ह्यांनी स्वतःहून हात पुढे केला आणि माझी पर्स मागून घेतली. चष्मा घेतला, स्वेटर घेतला आणि बाकावर बसले. मी एकटी रांगेत उभी राहिले. पुढे-मागे सगळी कॉलेजची मुलं. पन्नाशीची बाई मी एकटीच, असं वाटून मघारी फिरणार होते. मग गाडी सुटली. पहिल्या उतारावर मी जी ओरडले, ती ‘आई गंऽऽ’ म्हणूनच ओरडले, आणि शेजारची चिनी पोरगी तिच्या भाषेत ओरडली. खाली उतरले तेव्हा हे पर्स पोटाशी धरून उभे होते. म्हणाले, “परत बसतीस का?” मी परत बसले. तीन वेळा.

गावी परतल्यावर कुणी नावं ठेवली का? ठेवली. एक जाऊबाई म्हणाल्या, एवढ्यात काशी झाली असती. दुसऱ्या दिवशी त्याच दुपारी येऊन बसल्या आणि हळूच विचारू लागल्या, भाडं किती पडलं.

तेव्हा कळंबच्या मैत्रिणी, काशी कर, चारधामही कर, त्यांचा मान त्यांना. पण हे पैसे तू मशीनवर पाय मारून जमवलेस आणि ही हौस तुझी आहे. तुझ्या घरात दवाखान्याची सोय वेगळी आहे, तब्येत धड आहे आणि सासूबाईंजवळ बसायला माणूस आहे, एवढं बघ. या तिन्ही गोष्टी असतील तर माझ्या मते शोभेल. आज रात्री जेवणं झाली की ह्यांच्यापुढे आधी पासपोर्टचा अर्ज ठेव, पाळण्याचं मागून सांग. आणि जाऊन आलीस की मला हिशेब पाठव. भाव कुठे चढले, कुठे उतरले, ते इतर जणींना सांगू.

पुढच्या अंकात उन्हाळी वाळवणाचा हिशेब मांडू : पापड-कुरडया घरी केलेल्या स्वस्त की बचत गटाकडून घेतलेल्या? आपापले आकडे जरूर कळवा.

तुमची,
वहीवाली ताई